दोन दारांच्या गाडीची बाजू

एखाद्या सुशिक्षित मराठी घरात, मग ते पुण्यात असो वा न्यू जर्सीत, कुणी असे जाहीर करून पाहावे की आपण रोज कचेरीला जाण्यासाठी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची, एके काळी महागडी म्हणून गाजलेली, दोन दारांची जुनी गाडी विकत घेणार आहोत. पुढच्या पाच मिनिटांत त्याला तीन प्रवचने ऐकावी लागतात. पहिले प्रवचन हिशेबी माणसाचे: स्वस्तात मिळालेली आलिशान गाडी हीच सर्वांत महाग गाडी असते. दुसरे संग्राहकाचे: अशी गाडी रोज रस्त्यावर आणणे हा तिच्यावर अन्याय आहे, ती झाकून ठेवावी आणि रविवारी सकाळी आकाश निरभ्र आहे असे पाहून बाहेर काढावी. तिसरे संसारी माणसाचे, आणि ते बहुधा प्रश्नाच्या रूपात येते: मागे आईबाबांनी बसायचे कसे?

हे तिघे एरवी एकमेकांशी कशावरही सहमत होणार नाहीत. हिशेबी माणसाला संग्राहक उधळ्या वाटतो, संग्राहकाला संसारी माणूस अरसिक वाटतो आणि संसारी माणसाला दोघेही सारखेच निरुद्योगी वाटतात. परंतु जुनी आलिशान कूपे रोजच्या वापरासाठी घेऊ नये, ह्या एका मुद्द्यावर तिघांचे एकमत आहे. आमचे म्हणणे ह्या एकमताच्या विरुद्ध आहे. आम्ही स्वतः अशी गाडी बरीच वर्षे रोज वापरत आहोत, तेव्हा आमचा हितसंबंध प्रारंभीच उघड केलेला बरा. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि ते तथ्य आम्ही पुढे मान्य करणार आहोत. प्रश्न आहे तो त्यांनी त्यातून काढलेल्या निष्कर्षाचा.

प्रथम शब्दाविषयी. फ्रेंच भाषेत 'कूपे' म्हणजे कापलेला. घोड्यांच्या बग्ग्यांच्या काळात समोरासमोरच्या दोन बाकांपैकी एक बाक कापून टाकून जी आटोपशीर बंद बग्गी उरली, तिला हे नाव मिळाले. मराठी वाचकाला हा शब्द आगगाडीमुळे आधीपासून ठाऊक आहे. पहिल्या वर्गाच्या डब्यातला दोन बर्थचा कूपे, जो मिळावा म्हणून नवविवाहित जोडपी तिकीट तपासनिसाकडे रदबदली करीत, तो ह्याच बग्गीचा वंशज. तात्पर्य, कूपे ही वस्तूच मुळात काहीतरी वजा करून तयार झालेली आहे. जे कापले ते जागा आणि सोय ह्या सदरांतले होते, आणि हे जाणूनबुजून केलेले होते. कूपेमध्ये जागा कमी आहे अशी तक्रार करणे म्हणजे भावगीतात कथानक नाही अशी तक्रार करण्यासारखे आहे.

हवेत बोलणे टाळण्यासाठी आम्ही एक ठरावीक उदाहरण समोर ठेवतो. मर्सिडीज-बेंझ कंपनीची १२४ मालिका १९८४ च्या अखेरीस चार दारांच्या रूपात आली. तिची दोन दारांची आवृत्ती, म्हणजे कूपे, १९८७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडण्यात आली आणि तिचे उत्पादन १९९६ पर्यंत चालले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सेडानपेक्षा ८५ मिलिमीटरने कमी. पुढच्या आणि मागच्या काचेमध्ये एरवी जो खांब असतो तो इथे नाही. दोन्ही काचा खाली केल्या की बाजू पुढपासून मागपर्यंत मोकळी होते. समोरच्या काचेवर एकच वायपर, पण तो फिरता फिरता आतबाहेर सरकतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसून काढतो. दार लांब असल्यामुळे सीटबेल्ट खांद्यामागे दूर राहतो, म्हणून गाडी सुरू केली की एक लहानसा यांत्रिक हात तो पट्टा पुढे आणून देतो. अशा सुमारे १ लाख ४१ हजार कूपे तयार झाल्या. म्हणजे ही दुर्मिळ वस्तू नव्हे आणि सर्रास दिसणारीही नव्हे. रोजच्या वापरासाठी जुनी गाडी निवडताना नेमकी हीच मधली संख्या उपयोगी असते, कारण सुटे भाग मिळण्याइतक्या गाड्या जगात शिल्लक असतात आणि गाडीला कुणी देव्हाऱ्यात बसवलेले नसते.

आता हिशेबी माणसाकडे वळू. त्याचा मुद्दा आम्ही त्याच्यापेक्षा अधिक स्पष्ट मांडू शकतो: गाडीची किंमत उतरते, पण गाडीचा खर्च उतरत नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेत जी कूपे पन्नास हजार डॉलरांहून अधिक देऊन घेतली गेली, ती आज त्याच्या लहानशा अंशात मिळाली म्हणून तिचे भाग स्वस्त गाडीचे होत नाहीत. ती जन्माने ज्या वर्गातली, त्या वर्गातलीच तिची बिले. १२४ मालिकेत एअर कंडिशनरचा इव्हॅपोरेटर गळू लागला की तो बदलण्यासाठी सबंध डॅशबोर्ड उतरवावा लागतो. त्या भागाच्या किमतीपेक्षा मजुरी कितीतरी जास्त. १९९३ ते १९९५ च्या दरम्यानच्या गाड्यांत इंजिनावरच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन तुकड्यातुकड्यांनी गळते, आणि ते वायरिंग बदललेले आहे की नाही हा गाडी घेण्यापूर्वीचा पहिला प्रश्न असतो. सहा सिलिंडरांच्या इंजिनाचे हेड गॅस्केट वयोमानाने तेल पाझरू लागते. दुसऱ्या टोकाचे उदाहरण हवे असेल तर १९९१ साली आलेली लेक्सस एससी ४०० ही जपानी कूपे घ्यावी. टिकाऊपणात तिच्या इंजिनाला नावे ठेवणारा माणूस विरळा. परंतु त्या व्ही-८ इंजिनाचा स्टार्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसवलेला आहे, आणि एक साधा स्टार्टर बदलायचा तर वरचा सगळा पसारा उतरवावा लागतो. हिशेबी माणूस इथवर पूर्णपणे बरोबर आहे.

तो चुकतो ते वहीच्या दुसऱ्या पानावर. जुन्या गाडीचा खर्च बिलाच्या रूपाने येतो, म्हणून तो दिसतो, बोचतो आणि मित्रांना सांगता येतो. नव्या गाडीचा सर्वांत मोठा खर्च, म्हणजे घसारा, कधीच बिलाच्या रूपाने येत नाही. तो रात्री अंगणात उभ्या असलेल्या गाडीतून आवाज न करता निघून जातो आणि थेट विक्रीच्या दिवशी भेटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी विक्रीकिंमत प्रथमच ५० हजार डॉलरांच्या वर गेली. अशी गाडी पाच वर्षांत निम्म्यावर आली असे गृहीत धरले, तर वर्षाला ५ हजार डॉलर, म्हणजे महिन्याला चारशेच्या वर, केवळ घसाऱ्यात जातात. कर्जाचे व्याज आणि विम्याचा वाढीव हप्ता आम्ही धरलेलाच नाही. आता समजा, कुणी १२ हजार डॉलरांची जुनी कूपे घेतली आणि तिच्यावर वर्षाला ४ हजार डॉलर दुरुस्तीचे घातले. पाच वर्षांनी तिची किंमत जवळपास होती तिथेच राहील. राहिली नाही तरी बुडायला तिच्यात फारसे उरलेलेच नाही. आकडे अर्थातच गृहीत आहेत आणि एखादे वाईट वर्ष ते उधळून लावू शकते. जुनी कूपे स्वस्त पडते असा आमचा दावा नाहीच. आमचा दावा एवढाच की, वहीची दोन्ही पाने भरली तर हा 'मूर्खपणा' आणि तो 'शहाणपणा' ह्यांच्यातले अंतर प्रवचनात सांगतात तेवढे उरत नाही.

शिवाय पैसा जातो कुठे हेही पाहिले पाहिजे. घसाऱ्याच्या पैशातून कुणी काही शिकत नाही. दुरुस्तीच्या पैशातून गावातल्या एखाद्या मेकॅनिकचे घर चालते आणि त्याच्या हाताखालच्या पोराला कान लावून इंजिनाचा दोष ओळखता येऊ लागतो. अमेरिकेतल्या रस्त्यांवरील गाड्यांचे सरासरी वय २०२५ साली १२.८ वर्षे होते. म्हणजे जुनी गाडी चालवणे हा काही छांदिष्टांचा प्रकार नव्हे. तो बहुसंख्यांचा नित्यक्रम आहे. जुनी साधी गाडी चालवली की काटकसर आणि जुनी देखणी गाडी चालवली की उधळपट्टी, हा भेद हिशेबातून आलेला नाही. तो देखणेपणाविषयीच्या आपल्या मध्यमवर्गीय संशयातून आलेला आहे.

एक गोष्ट मात्र हिशेबी माणसाला आम्ही बिनशर्त देऊन टाकतो. जुनी गाडी पैशापेक्षा वेळ अधिक खाते. एखादा भाग परदेशातून यायला आठवडा लागला तर तो आठवडा कामावर कसे जायचे ह्याचे उत्तर ज्याच्याजवळ नाही, जवळपास आगगाडी नाही, बस नाही, घरात दुसरी गाडी नाही, त्याने ह्या वाटेला जाऊ नये. ज्याची नोकरी दहा मिनिटे उशीर झाल्याने जाऊ शकते त्यानेही जाऊ नये. अशा माणसाला जुन्या कूपेचे गुणगान ऐकवणे हा क्रूरपणा होईल, आणि असे गुणगान करणारे आमच्या पक्षात पुष्कळ आहेत हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते.

संग्राहकाशी आमचे भांडण अधिक खोल आहे. गाडीवर आपले प्रेम आहे असे तो म्हणतो आणि त्या प्रेमापोटी तो गाडीला तिचे एकमेव काम करू देत नाही. न वापरण्याला तो जतन म्हणतो. यंत्राचे शास्त्र ह्याच्या उलट आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, गाडी चालो वा न चालो. टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की त्यातले हलके घटक उडून जातात आणि मागे चिकट थर राहतो; यांत्रिक पद्धतीने इंधन पुरवणाऱ्या त्या काळातल्या इंजेक्शनला हा थर विशेष बाधतो. तेल फिरले नाही की रबरी सील कोरडे पडतात, आणि मग ज्या दिवशी गाडी चालू होते त्याच दिवशी ती गळू लागते. बॅटरी उतरून उतरून निकामी होते. टायर एकाच जागी वजन झेलून चपटे पडतात, आणि त्यांची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने मेलेले असते. उलट जी गाडी रोज अर्धा-पाऊण तास चालते, जिचे इंजिन पुरते तापते आणि जिच्यातली ओल वाफ होऊन निघून जाते, तिचे दुखणे लहान असतानाच कळते. कालपर्यंत नसलेला आवाज आज ऐकू येतो, कारण कालचा आवाज कानांत ताजा असतो. रविवारच्या गाडीच्या मालकाला हा कान नसतो. त्याला प्रत्येक आवाज नवाच.

बर्फावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशात हिवाळ्यातला रोजचा वापर पत्रा खातो, हे खरे आहे. पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या इंजिनाला घातक, हेही खरे. रोज वापर म्हणजे बेदरकार वापर नव्हे. मिठाचे तीन महिने गाडी घरी ठेवणाऱ्याला आम्ही पक्षद्रोही म्हणणार नाही. आमचा रोख आहे तो वापरालाच झीज समजणाऱ्यावर.

आणि हा केवळ व्यक्तिगत लहरीचा प्रश्न राहिलेला नाही, कारण कायद्यानेही संग्राहकाची बाजू घेतलेली आहे. न्यू जर्सीत पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला 'ऐतिहासिक' पाटी मिळते, पण ती गाडी प्रदर्शनासाठी आणि तत्सम कारणांसाठीच बाहेर काढावी अशी अट असते; रोज कामावर जायचे तर ही पाटी लावता येत नाही. जुन्या गाड्यांसाठी विमा कंपन्या जो सवलतीचा विमा देतात, त्याचीही अट बहुधा हीच: रोजच्या वापराला दुसरी गाडी असली पाहिजे. म्हणजे गाडी वापरू नका, तर तुम्ही रसिक; वापराल, तर तुमची गाडी केवळ जुनी.

जर्मनीने ह्यातून अधिक समंजस वाट काढली. तिथे १९९७ पासून तीस वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात नीट राखलेल्या गाडीला 'एच' अक्षराची पाटी मिळते. तिला वर्षाला सुमारे १९१ युरोचा सरसकट कर लागतो आणि शहरांतल्या प्रदूषणमर्यादित भागांत जाता येते. ती रोज चालवू नये असे ही पाटी म्हणत नाही. ती नीट राखा एवढेच म्हणते. १९८७ सालच्या पहिल्या १२४ कूपे २०१७ पासून ह्या पाटीला पात्र ठरू लागल्या.

भारताची तऱ्हा तिसरीच. इथे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून ह्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले आणि आयात केलेल्या मोटारीसाठी ते ४० हजार करण्यात आले. दुसरीकडे, जुलै २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. तिच्यासाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने हवे, आणि ते रस्त्यावर नियमितपणे चालवता येणार नाही. ह्या दोन नियमांच्या मध्ये काय उरते ते पाहावे. पंधराव्या वर्षी गाडी म्हातारी होते, पन्नासाव्या वर्षी ती वारसा होते, आणि मधली पस्तीस वर्षे ती सरकारच्या लेखी केवळ एक उपद्रव असते. जिने ही पस्तीस वर्षे काढायची, तिने ती काढावीत म्हणून कुठलेही उत्तेजन नाही. आणि ती निघाली, तर बक्षीस म्हणून तिचे चालणे बंद. पन्नास वर्षांच्या गाड्या आकाशातून पडत नाहीत. त्या तीस वर्षांच्या असताना कुणीतरी त्या चालवीत असतो, आणि त्यांचे बुश, बेअरिंगे आणि ब्रेक बदलत असतो.

इथे पर्यावरणवादी मित्र आम्हांस थांबवतील. त्यांचा आक्षेप आम्ही टाळणार नाही. तीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोल इंजिनाचा धूर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असला तरी, आजच्या गाडीच्या धुरापेक्षा घाण असतो. पेट्रोलही ती अधिक पिते. नवी गाडी घडवण्यात जे पोलाद, जी ऊर्जा खर्च होते ती वाचली, हा युक्तिवाद काही अंशी खरा आहे. पण जो रोज शंभर किलोमीटर धावतो त्याच्या बाबतीत तो टिकणार नाही. म्हणून जुनी कूपे पर्यावरणाच्या हिताची आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे असे की, कसोटी धुराची लावावी, जन्मतारखेची लावू नये. धूर मोजण्याचे यंत्र उपलब्ध असताना जन्मदाखला पाहून गाडी बाद करणे हा आळशीपणा आहे. जी गाडी कसोटीत नापास होईल तिची बाजू आम्ही मांडणार नाही.

आता संसारी माणूस, आणि इथे आमची बाजू सर्वांत लंगडी आहे हे आम्ही जाणतो. खांब नसलेली ती देखणी बाजू अपघातात खांब असलेल्या बाजूइतकी बळकट नसणार, हे सांगायला अभियंता लागत नाही. गाडी घसरू लागताच चाकाचाकाचा ब्रेक स्वतः लावून तिला सावरणारी यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सर्व मोटारींना सक्तीची झाली. १२४ कूपेला ती नाही. गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या धक्क्याची चाचणी तिथल्या विमासंस्थेने सुरू केली तीही २०१२ सालीच, म्हणजे ह्या गाड्या ज्या काळी आखल्या गेल्या त्या काळी तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आपल्या काळात ही मालिका सुरक्षिततेसाठी नावाजलेली होती हे खरे; पण आजचा धक्का आजच्या काळात बसतो. ज्याला रोज दोन लहान मुले शाळेत सोडायची आहेत त्याने ही गाडी घेऊ नये. नुकताच परवाना मिळालेल्या मुलाच्या हातीही ती देऊ नये. ह्यावर आमच्याकडे प्रतिवाद नाही.

परंतु 'मागे कोण बसणार' हा प्रश्न मात्र तितका निरागस नाही. बहुतेक कुटुंबे वर्षातल्या चार लांबच्या प्रवासांसाठी गाडी निवडतात आणि उरलेले दिवस तिच्यात एकेकटी बसून कामावर जातात. अमेरिकेत गाडीने कामावर जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक गाडीत एकटेच असतात. सकाळच्या रहदारीत सात आसनांच्या, दोन टनांहून जड, छातीइतक्या उंच बॉनेटच्या गाडीत एकटा माणूस बसलेला पाहावा आणि मग स्वार्थी कोण ते ठरवावे. १२४ कूपेच्या मागे दोन माणसे बसू शकतात, थोडे वाकून. सासूबाईंना पुढची जागा द्यावी आणि मागे आपण बसावे, म्हणजे बराचसा प्रश्न सुटतो. रिकाम्या आसनांची काळजी वाहण्याला कुटुंबवत्सलता म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. जी चार आसने हवीत ती चार दिवसांपुरती भाड्यानेही मिळतात.

तिघांना उत्तर देऊन झाले. आता चौथा, आणि तो आमच्याच पक्षातला आहे. ह्याला गाडी नको असते, बॉनेटवरचा तारा हवा असतो. नव्या साध्या गाडीच्या किमतीत जुन्या श्रीमंताची गाडी मिळते आहे म्हणून तो ती घेतो, शिल्लक ठेवीत नाही, पहिल्या दोन बिलांना बिथरतो, तिसऱ्या बिलाच्या वेळी दुरुस्ती पुढे ढकलतो, दिव्यावर काळी पट्टी चिकटवतो आणि वर्षभराने गाडी पुढच्या बळीच्या गळ्यात बांधतो. हिशेबी माणसाने एकही कूपे मारलेली नाही. संग्राहकाने काही गुदमरवल्या असतील. परंतु पन्नासांतल्या चाळीस गाड्या भंगारात गेल्या असतील तर त्या ह्या चौथ्याच्या हातून, आणि हिशेबी माणसाच्या प्रवचनातली सगळी उदाहरणे ह्याच्याच घरची आहेत. ह्याला आम्ही एवढेच सांगू की, रंग पाहून गाडी घेऊ नये, आधीच्या मालकाची फाइल पाहून घ्यावी. जिच्यासोबत बिलांचा जाड गठ्ठा येतो ती महाग गाडी घ्यावी. जिच्यासोबत केवळ गोड बोलणे येते ती स्वस्त गाडी सोडावी. इंजिन थंड असताना पाहावे. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. आणि खरेदीच्या किमतीची निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला असल्याशिवाय सही करू नये.

मग इतक्या कबुल्या दिल्यावर आमच्या बाजूला उरते काय? उरते ते असे. ह्या मालिकेच्या काळात त्या कंपनीच्या आरेखन विभागाचे प्रमुख ब्रूनो सॅको होते. इटलीतल्या उदिने इथे १९३३ साली जन्मलेला आणि २०२४ साली निवर्तलेला हा माणूस. त्यांचे एक तत्त्व होते: नवी गाडी अशी आखावी की तिच्यामुळे आधीची गाडी जुनाट दिसू नये. विकणाऱ्याच्या दृष्टीने हे तत्त्व आत्मघातकी म्हणावे लागेल, कारण सगळा बाजार आधीच्या वस्तूविषयी लाज उत्पन्न करण्यावर चालतो. ज्यांनी त्या तत्त्वाने घडवलेली गाडी तीस वर्षांनंतरही रोज वापरली, त्यांनी ते तत्त्व खरे करून दाखवले. काचेच्या पेटीत ते सिद्ध होऊ शकत नाही. तिथे कुठलीही गाडी सुंदरच दिसते.

दुसरी गोष्ट मालकीची. २०२२ साली बीएमडब्ल्यूने काही देशांत गाडीत आधीच बसवलेली तापणारी आसने मासिक वर्गणी भरल्यावरच तापतील अशी योजना काढली, आणि टीकेनंतर २०२३ साली ती मागे घेतली. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांना २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली मतदान करून सांगावे लागले की, गाडीतली माहिती मालकाला आणि त्याच्या मेकॅनिकला मिळाली पाहिजे. म्हणजे विकत घेतलेली वस्तू आपली आहे की नाही, हाच वादाचा विषय झाला आहे. जुन्या कूपेविषयी असा वाद होत नाही. तिच्यात जे आहे ते उघडून पाहता येते, समजून घेता येते आणि बहुतांशी दुरुस्तही करता येते. ती परवानगी मागत नाही. चैनीची म्हणून जन्मलेली ही वस्तू तीस वर्षांनी निगेची वस्तू होते, आणि निगा ही चैन विकत घेणाऱ्याला परवडत नाही; ती करावी लागते.

ह्या निगेचा एक धागा आपल्या घराशीही येऊन पोचतो. मर्सिडीज-बेंझने १९९४ साली भारतात कंपनी स्थापन केली आणि १९९५ पासून पुण्याजवळ पिंपरीत, तेव्हाच्या टेल्कोच्या आवारात, ह्याच १२४ मालिकेची चार दारांची गाडी जुळवायला घेतली. दोन दारांची तिथे कधी जुळवली गेली नाही. पण त्या निमित्ताने ह्या मालिकेच्या पोटात काय आहे हे मराठी हातांना कळले, आणि ती विद्या अधिकृत कार्यशाळांतून बाहेर झिरपत लहान गॅरेजांपर्यंत गेली. असे ज्ञान पुस्तकात राहत नाही. दुरुस्तीला गाड्या येत राहिल्या तरच ते हातांत राहते. पंधराव्या वर्षी गाडी आणि विसाव्या वर्षी तिचा मेकॅनिक अशा क्रमाने दोन्ही मोडीत निघाले, तर पन्नासाव्या वर्षी वारसा म्हणून आपण जे जपू त्याला किल्ली लावणारा माणूस शोधायला परदेशी जावे लागेल.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जुन्या गाडीची परीक्षा कडक घ्यावी, ब्रेकची घ्यावी, धुराची घ्यावी, पत्र्याची घ्यावी. आणि ती उत्तीर्ण झाली तर तिला रोज चालू द्यावे, तिच्या मालकाला त्याबद्दल दंड करू नये आणि वेडाही ठरवू नये. ज्याला ती नको त्याने घेऊ नये. आईबाबांना मागे बसायला त्रास होतो हे खरेच आहे. आम्ही त्यांना पुढे बसवतो.